ठिपका हलेना

दिवाळीची सुट्टी संपवून आम्ही सुरतच्या आमच्या पॉलिटेक्निकमधली प्रयोगशाळा उघडली, तेव्हा विजेच्या लहरी दाखवणाऱ्या जुन्या ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हिरवी रेघ उमटेना. मधोमध नुसता एक ठिपका. प्रात्यक्षिक परीक्षा चार दिवसांवर होती आणि चालणारा ऑसिलोस्कोप हा एकच. विभागप्रमुख गुजराती. ते दारातूनच म्हणाले, "बेन, डबडं भंगारमां आपी दो. मुलांना बारडोलीला पाठवू परीक्षेला." त्यांनी भंगाराच्या यादीत त्याचं नाव लिहिलंसुद्धा. मी दोन दिवस मागून घेतले.

पडदा जळू नये म्हणून आधी ठिपका मंद केला. इनपुटला बोट लावलं तर ठिपक्याची उभी रेघ झाली. म्हणजे उभी बाजू ठीक. बिघाड ठिपका आडवा पळवणाऱ्या भागात. त्या भागातले व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असत तशा काचेच्या नळ्या, बदलले, एक कपॅसिटर बदलला. ठिपका जागचा हलेना. आत शेकडो व्होल्ट असतात, म्हणून मोजताना मी डावा हात पाठीमागे ठेवत असे; दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो.

"ताई, कवायतीला उभ्या राहिल्यासारख्या दिसता," आमचे मदतनीस काका म्हणाले. ते धुळ्याकडचे.

"हसू नका. बॅटरी धरा नीट."

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र बंद करून ते आडवं केलं. काकांनी वेग बदलायच्या स्विचवर उजेड पाडला. "ही लाली कसली हो?"

स्विचच्या पट्ट्यांमध्ये लाल खपली धरली होती. मी उंदरांना दोष देणार, तेवढ्यात काका म्हणाले, "ताई, दसऱ्याला यंत्रांची पूजा कोणी केली?"

मीच केली होती. ओल्या कुंकवाचं बोट लावून, वर फुलानं पाणीही शिंपडलं होतं, थेट हवेच्या जाळीवर.

"भक्ती जास्त झाली," काका म्हणाले.

"गप्प बसा आणि स्पिरिट आणा."

जुन्या टूथब्रशनं पट्ट्या घासल्या, टेबललॅम्पखाली तासभर वाळवल्या. चालू केलं. व्हॉल्व्ह तापले आणि ठिपका सरसर धावत आडवी रेघ झाला.

विभागप्रमुखांना मी खरं कारण सांगितलं. लपवून काय मिळणार होतं? ते खो खो हसले. "आवता दशेराए चांल्लो भींतने करजो, बेन," म्हणाले. म्हणजे पुढच्या वेळी कुंकू भिंतीला लावा. यादीतली ओळ त्यांनी माझ्यासमोर खोडली. मी लगेच पहिल्या तुकडीला सरावाला बोलावलं.