खिडकीशी धरलेली प्लेट

शबाना प्रयोगाची प्लेट खिडकीच्या उजेडात धरून उभी आहे. जीवाणूंच्या दुधट थरात टाचणीच्या डोक्याएवढी स्वच्छ भोकं पडली आहेत. जीवाणूंना खाणारा विषाणू तिला सापडलाय, तोही घरामागच्या गोठ्याच्या गटारात.

"मॅडम, सापडला की हो!" ती ओरडली, आणि माझ्या पोटात दुखलं.

ज्याला सापडेल त्यानं विषाणूचं नाव ठेवायचं, ही रीत वर्गात मीच पाडली. शबाना त्याला आपल्या म्हशीचं नाव देणार म्हणते. घाण पाण्यात शोधा, जीवाणू असतील तिथंच त्यांना खाणारेही असतील, हे मी दरवर्षी सांगते. माझं आयुष्य सांगण्यात गेलं. सापडलं ते नेहमी दुसऱ्याला. आपल्याच विद्यार्थिनीवर आपण जळतोय, हे कुणाला सांगायचं? तोंडानं शाबासकी द्यावी लागते, आणि ती खरी वाटावी म्हणून जरा मोठ्यानंच द्यावी लागते.

यंदा मीही गुपचूप एक बाटली भरून आणली होती. गटारात हात घालायची लाज वाटली, म्हणून टेकडीवरच्या झऱ्याचं नितळ पाणी. ते घातलेली प्लेट नाव न लिहिता मुलांच्या प्लेटांमध्ये ठेवून दिली होती.

शबानानं आता नेमकी तीच उचलली. थर अखंड, एकही भोक नाही.

"ही कंट्रोल ना, मॅडम? काहीच न घातलेली?"

"हो," मी म्हटलं.

तिनं पेन काढून प्लेटवर तसं लिहूनही टाकलं.