लोखंड बाहेर, माणूस आत

अक्का दार उघडत नसत, दारावर चाल करून जात. हुबळीत देशपांडे नगरातल्या त्या स्कॅनिंग सेंटरचं दार त्यांच्या धक्क्यांनी बिजागरीतून खिळखिळं झालं होतं, आणि मालकाने ते दुरुस्त करण्याचा नाद सोडून दिला होता. अक्का मानसोपचाराच्या डॉक्टर, धारवाडच्या मराठी घरातल्या. रागावल्या की कानडीत जात, फार रागावल्या की परत मराठीत येत. त्यांच्याहून वयाने मोठे रुग्णसुद्धा त्यांना अक्काच म्हणत.

त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला आहे का, हे मला नक्की सांगता येणार नाही. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पण माझा भाऊ आज जिवंत आहे, आणि ते अक्कांमुळे आहे. म्हणून लिहिते.

रविवारी सेंटर बंद असे, तेव्हा तिथलं मेंदूचे फोटो काढणारं मोठं चुंबकाचं यंत्र अक्कांना अभ्यासासाठी मिळे. खोलीच्या दाराशी त्या कंबरेवर हात ठेवून उभ्या राहत. "किल्ल्या, पिना, घड्याळ, पट्टा! लोखंड बाहेर, माणूस आत!" एकदा एका गृहस्थाने ऐकलं नाही. त्यांच्या खिशातला किल्ल्यांचा जुडगा सुटला आणि गोळीसारखा जाऊन यंत्रावर आदळला. अक्कांनी त्यांना कॉलर धरून बाहेर ओढलं. "डोकं फुटलं असतं तुमचं! मग मी कशाचा फोटो काढायचा, नारळाचा?" नंतर त्यांनाच समोर बसवून चहा पाजला.

आत झोपलं की यंत्र कानाशी हातोडे मारू लागतं. त्या ठोकाठोकीत डोळे मिटून स्वस्थ पडून राहायचं, एवढंच काम. माइकवरून अक्का गरजत, "अलुगाडब्याड!" म्हणजे हलू नको. आत झोपलेली माणसं बहुतेक उदास, खचलेली असत. त्यांच्यावर असं ओरडणं मला आधी क्रूर वाटलं. पण माझा भाऊ, आमचा अण्णा, म्हणाला, "बरं वाटतं ग. बाकीचे माझ्याशी आजाऱ्यासारखं हळू बोलतात."

अण्णा हुबळीतल्याच लॅमिंग्टन रोडवर एका रेडिओच्या दुकानात दुरुस्ती करायचा. एका वर्षी तो अंथरुणातून उठेनासाच झाला. अंघोळ नाही, जेवण नाही. अप्पा कारखान्यात फिटर, हाडाचे कष्टाळू. त्यांना तो शुद्ध आळस वाटे. आधी शिव्या, मग थपडा, मग त्यांचा जाड बकलाचा पट्टा. मीच अण्णाला अक्कांकडे नेलं. त्यांनी औषध सुरू केलं, आणि अभ्यासात येतोस का, असं विचारलं. तो हो म्हणाला.

अक्का काय शोधत होत्या ते त्यांनी मला टेबलावर मूठ आपटत समजावलं होतं. "मेंदूचे भाग गप्प पडून असतानासुद्धा एकमेकांशी बोलतात. अशा माणसात काही भागांचं आपसातलं बोलणं घट्ट होतं, तेच ते चालू राहतं, आणि बाकीच्यांशी तुटत जातं. निदान आम्हाला तसा संशय आहे. पण हे पुष्कळ माणसं एकत्र केल्यावर दिसतं. एकट्याच्या चित्रावर बोट ठेवून कोण आजारी ते सांगता येत नाही. जो सांगेल त्याचं बोट मोडेन."

अप्पा मात्र आजार की आळस ते ठरवायला अण्णाच्या फोटोचीच वाट पाहत होते. एका दुपारी ते परस्पर सेंटरवर गेले. तिथल्या मुलाने त्यांना धीर द्यावा म्हणून सांगितलं, "काही काळजी नको मामा, डोकं एकदम नॉर्मल आहे."

संध्याकाळी ते घरी आले आणि पट्टा काढला. "नॉर्मल आहेस म्हणे! नाटक करतोस? बापापुढं?" बकल पाठीवर बसत होतं, भिंतीवर बसत होतं. आई मध्ये पडली तर तिला ढकललं. अण्णा हातसुद्धा आडवा करत नव्हता. त्यानेच अप्पा अधिक पिसाळत होते. मी कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथवर धावले आणि अक्कांना बोलावलं.

अक्का स्कूटरवरून आल्या आणि आमच्या दारावरही चाल करून गेल्या. तेवढ्यात फिरलेला पट्टा त्यांच्या मनगटावर बसला. घड्याळाची काच फुटली, रक्त आलं. अप्पा थिजले.

"अक्का, मशीनमध्ये काही नाही म्हणाले," ते कसेबसे बोलले. "तुम्हीच सांगा. आहे का काही?"

मी मनात म्हणत होते, आहे म्हणा, अक्का. एक शब्द. मार थांबेल.

"नाही दिसलं," अक्का म्हणाल्या. "खोटं सांगणार नाही मी. आजार आहे, पण एकट्याच्या फोटोत तो दिसत नाही अजून." मग त्यांनी अण्णाचा सदरा वर केला. "हे दिसतंय? ह्याला मशीन लागत नाही. आणि एक सांगा, नाटक करणारा माणूस ओरडला असता की नाही? हात मध्ये घातला असता की नाही? का नाही घातला त्यानं? मेलो तर बरं, असं वाटतंय त्याला. आणि तुम्ही त्याला मदत करताय!"

अप्पांनी अण्णाच्या लोंबत्या हातांकडे पाहिलं. अक्कांनी रक्ताळलेला हात पुढे केला. "लोखंड बाहेर."

अप्पांनी पट्टा त्यांच्या हातात दिला.

त्या दिवशीच अक्का अण्णाला स्कूटरवर मागे बसवून घेऊन गेल्या आणि दवाखान्यात ठेवून घेतलं. तो सावकाश उठला, मध्ये पुन्हा पडला, पुन्हा उठला. त्यांच्या मनगटावर वण राहिला. कोणी विचारलं तर म्हणत, "पट्टा लागला." कोणाचा ते सांगत नसत.

पुढे अभ्यास संपला आणि अक्का हुबळी सोडून दूरच्या कॉलेजात शिकवायला गेल्या. निरोपाला गेले तर त्यांनी खण धाडकन ओढून पट्टा टेबलावर फेकला. "अण्णा कामाला जातो ना? मग हे अप्पांचं अप्पांना दे. आणि तू फिजिक्स सोडलंस तर तिथून येऊन मारीन." डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला तोही आपटूनच ठेवला.

मी फिजिक्स सोडलेलं नाही.

पट्टा घेऊन घरी आले तेव्हा अप्पा दाराशी बसले होते, पँटला सुतळी बांधलेली. त्यांनी बकलावरून एकदा बोट फिरवलं, पण पट्टा हातात घेतला नाही.

"आत नको आणूस," म्हणाले. "बाहेरच राहू दे."

तो अजून पडवीतल्या खिळ्याला आहे. बकल गंजून लाल झालंय. अण्णा रोज सकाळी त्याच्याखाली बसून चपला घालतो आणि दुकानात जातो.