नवरीचा फोटो पहिला

नोकरीतल्या बहुतेक केसेस मी निवृत्तीच्या दिवशी ठाण्यातच सोडून आलो. हैदराबादच्या बरकतपुऱ्यातल्या एका लग्नाची केस मात्र माझ्याबरोबर घरी आली आणि अजून आठवते. त्यातली माणसं हयात आहेत, म्हणून नावं देत नाही.

तेव्हा मी काचीगुड्याच्या बाजूला एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. बाजार खुला झाला होता. पूर्वी कुणाचा मेहुणा दुबईहून आला तरच दिसणाऱ्या वस्तू आता दुकानाच्या काचेत मांडलेल्या असत. लग्नांतले रीळवाले कॅमेरे जाऊन डिजिटल कॅमेरे येऊ लागले होते. ठाण्यालाही एक कॉम्प्युटर मिळाला होता. त्याच्यावर टॉवेल पांघरलेला असे आणि दसऱ्याला त्याची पूजा होई. त्यापलीकडे त्याला कुणी हात लावत नसे.

फिर्याद दिली नवरीच्या वडिलांनी. हैदराबादेत तीन पिढ्या राहिलेलं मराठी कुटुंब, स्वतः सरकारी नोकरीत. लग्नाच्या हॉलमधून मुलीचा सोन्याचा चंद्रहार नाहीसा झाला होता. पंचनामा केला, जबाब घेतले. लग्नघरातल्या जबाबांचा अनुभव ज्यांना आहे त्यांना ठाऊक असेल, तिथे कुणालाच काही नक्की आठवत नाही. नवरी तर मान खाली घालून एवढंच म्हणाली, "कोण काय घालत होतं, काढत होतं, मला काहीच कळलं नाही." नवरीच्या आईने मात्र ठाम सांगितलं, "हार मी सकाळीच त्या बाईच्या हातात दिला. तिनेच घातला. नंतर कुणी पाहिला नाही."

ती बाई म्हणजे नवरीला साडी नेसवून नटवायला आलेली. मराठवाड्यातून येऊन जामबागेत राहिलेली, चाळिशीची विधवा. दोन मुलींची शाळा ती याच कामावर चालवत होती. हॉलसमोरचा पानवाला आमचा खबऱ्या. त्याने खबर दिली की मुहूर्ताच्या आधीच ही बाई मोठी पिशवी घेऊन घाईघाईने ऑटोत बसली.

वर फोटोंचा पुरावा. फोटोग्राफर दुसऱ्या लग्नासाठी वरंगळला गेला होता, पण त्याने नवरीच्या घरी दिलेली सीडी आमच्या सबइन्स्पेक्टरने इंटरनेट सेंटरवर जाऊन पाहिली. प्रत्येक फोटोला ओळीने नंबर होते. पहिले सात-आठ नवरीचे एकटीचे, त्यांत गळ्यात चंद्रहार. त्यानंतर गौरीहर, अंतरपाट, अक्षता, यांतल्या एकाही फोटोत हार नाही. म्हणजे हार गेला तो गौरीहराच्या आधी, खोलीत. आणि तेव्हा खोलीत होती ती बाई. आई सांगते तेच फोटो सांगत होते. मलाही ते पटलं.

जीप पाठवून बाईला ठाण्यात आणलं. महिला कॉन्स्टेबलला शेजारी बसवून दिवसभर विचारपूस केली. चोर माणूस पोलिसाला पटेल असं काहीतरी रचून सांगतो. ही एकच वाक्य धरून बसली होती. "साहेब, म्या हार बघितलाच नाही. मला कुणी दिलाच नाही तर घालू कुठनं? पिशवीत माझ्या साडीच्या पिना अन् गजरे होते. दुसऱ्या हॉलात नवरी वाट बघत होती."

"फोटोत हार दिसतोय."

"मग फोटोवाल्याला विचारा की. मला काय विचारता?"

सबइन्स्पेक्टर हसला. उद्धट वाटली आम्हाला ती. दुसऱ्या दिवशी तिला अटक करून कोर्टात हजर करायचं ठरलं. आई तुरुंगात गेली तर मुलींचं काय, हे तिने विचारलं नाही. तिच्या तोंडाकडे पाहून ते कळत होतं.

कोर्टात फोटो जोडायचे म्हणून मोठ्या प्रिंट काढायला मी स्वतः स्टुडिओत गेलो. फोटोग्राफर वरंगळहून परतला होता. तेलुगू माणूस, बोलायचा दखनीत. पहिली प्रिंट निघाली. हार स्वच्छ दिसत होता. आणि कानाच्या वर, केसांत, अक्षतेचा एक पिवळा दाणा अडकला होता.

मी त्याला विचारलं, "हा फोटो मुहूर्ताच्या आधीचा ना?"

"नै साब. अक्षता होने के बाद का है. सब लोगां पंगत में थे, तब कमरे में खींचा. दुल्हन, उसकी अम्मा और मैं."

"मग नंबर पहिला कसा?"

"अल्बम में पैले दुल्हनिच रखते ना साब! घर को आके पूरे फोटो के नाम बदलतौं, अल्बम का नंबर डालतौं. जैसा खींचा वैसा दिये तो पार्टी गुस्सा होती. पैला पन्ना दुल्हन का होना बोलके."

कॅमेऱ्यातली वेळ विचारली, तर त्याने घड्याळ कधी लावलंच नव्हतं. कार्डही पुढच्या लग्नासाठी पुसून टाकलेलं. मी तो फोटो स्क्रीनवर मोठा करायला सांगितला. हाराच्या आड मंगळसूत्राचे काळे मणी दिसले. आता शंकेला जागा नव्हती. मंगळसूत्र गळ्यात पडलं तेव्हा ती बाई दुसऱ्या हॉलमध्ये दुसऱ्या नवरीच्या निऱ्या घालत होती.

मी तसाच नवरीच्या घरी गेलो आणि प्रिंट आईसमोर ठेवली. बोट दाण्यावर ठेवलं. काही विचारावं लागलं नाही. त्या आत जाऊन तांदळाचा डबा घेऊन आल्या. हार त्यात होता.

"माझ्या आईचा आहे," त्या म्हणाल्या. "बोलणीत नव्हता. मुलाकडचे मांडवात अडून बसले, म्हणाले मुलीबरोबर हा आला पाहिजे. फोटोपुरता घातला आणि काढून ठेवला. यांना माहीत नव्हतं, हे सरळ ठाण्यात गेले."

"मग त्या बाईचं नाव का घेतलंत?"

"कुणाचं तरी घ्यावंच लागलं असतं. नातेवाइकांत कुणाचं घेणार?"

मांडवात अडणाऱ्यांची मला चीड आली होती. पण हे उत्तर ऐकून मला नवरीच्या आईची अधिक किळस आली, हे लपवत नाही. पुढे मुलीच्या वडिलांनी हात जोडले, खोट्या माहितीबद्दल वरिष्ठांनी ताकीद दिली आणि चोरी झालीच नाही असा अहवाल जाऊन केस बंद झाली.

ठाण्यात बसवून ठेवलेल्या जामबागेतल्या बाईला मी त्याच दिवशी सांगितलं, "तू सुटलीस, घरी जा."

ती उठेना. म्हणाली, "नेताना साऱ्या गल्लीनं बघितलं साहेब. सोडतानाबी बघू द्या. अन् त्या बाईसाहेबांना संग घ्या."

कायद्यात असं काही नाही. पण मी नवरीच्या आईलाही जीपमध्ये घेतलं. गल्लीत उतरून चार माणसांपुढे त्या म्हणाल्या, "हिने काही घेतलं नव्हतं." लोकांनी ऐकलं आणि आपापल्या दारात गेले.

पुराव्याबद्दल मी तेव्हा एक धडा घेतला. कागद असो की फोटो, त्याला नंबर कुणी दिला आणि कशासाठी दिला, हे आधी विचारायचं. पुढे हाताखालच्या प्रत्येक अधिकाऱ्याला ते सांगितलं आणि त्याचा उपयोगही झाला.

दुसरं जे कळलं ते कुणाला शिकवता आलं नाही. पुढच्या लग्नसराईत त्या बाईला फारशी कामं मिळाली नाहीत, हे कानावर आलं. काही वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न निघालं, तेव्हा मी मुद्दाम तिलाच बोलावलं. ती आली. मुलीला सुंदर साडी नेसवली, केसांत गजरा माळला. माझ्या बायकोने दागिन्यांचा डबा तिच्यापुढे धरला, तशी ती दोन पावलं मागे सरली.

"नको वहिनी," ती म्हणाली. "ते तुम्हीच घाला. अन् साहेबांना बोलवा, त्यांच्यासमोर घाला."

मी दारातच उभा होतो.