अमरावती-अकोल्यात विमानाचा पंखा शोधताना

रिमोटचं विमान उडवणाऱ्या माणसाची फार थोडी मिनिटं आकाशाकडे पाहण्यात जातात. बाकीचा जन्म दुकानात जातो. आधी दुकान शोधायचं, सापडलंच तर आपल्याला काय हवंय ते दुकानदाराला समजावून सांगायचं, मग त्याने जे काही दिलं ते घरी आणून टेबलावर ठेवायचं आणि त्याच्याकडे बघत बसायचं. म्हणून आम्ही तिघं रविवारी मैदानावर जमलो की विमानांच्या गोष्टी बॅटरी संपायच्या आत संपतात. दुकानांच्या गोष्टी मात्र साचतच चालल्या आहेत. दुकानं कमी होतायत तसतशा जास्तच.

तिघं म्हणजे मी, अमरावतीत ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवणारा. दुसरा प्रकाश, तिथलाच वकील. तिसरा गजानन, मूळचा हिवरखेडचा. त्याचं अकोल्यात बी-बियाण्याचं दुकान आहे आणि गावाकडे वडिलांची शेती. तिघांचीही लग्नं झालेली आहेत आणि तिन्ही घरांत या छंदाबद्दल एकच मत आहे.

*

सुरुवात प्रकाशपासून करतो, कारण तो अजून चिडतो.

त्याच्या विमानाचा सर्वो गेला होता. सर्वो म्हणजे विमानाच्या शेपटीची फळी हलवणारी काडेपेटीएवढी मोटर. ती गेली की विमान वळत नाही. प्रकाश कोर्टातून निघाला तो तसाच, काळ्या कोटात, अमरावतीतल्या एका मोठ्या खेळण्यांच्या दुकानात गेला. बाहेर बोर्डावर विमानाचं चित्र होतं, म्हणून त्याला आशा.

"सर्वो आहे का?"

"गाडी कोणती हाये?" दुकानदाराने विचारलं.

"गाडी नाही. विमान."

दुकानदाराने कोट पाहिला, गळ्यातला पांढरा बँड पाहिला, आणि अगदी आदराने म्हणाला, "वकीलसाहेब, विमानाची सर्व्हिसिंग बेलोऱ्याले इमानतळावर होत असन. आमी फक्त सायकली करतो."

*

माझा अनुभव त्याच रस्त्यावरचा, दुसऱ्या दुकानातला. विमानाचं जमत नाही तर निदान रिमोटची गाडी घ्यावी, असा विचार मनात आला होता. दुकानदार हौशी होता. म्हणाला, "डब्यातली वस्तू घेऊ नका सर. चालवून पाहा." आणि मी काही बोलायच्या आत त्याने गाडी दुकानासमोरच्या रस्त्यावर सोडली.

गाडी खरंच छान पळाली. पळतच राहिली. रिमोटची रेंज कुठे संपली ते तिला कळलं नाही, आम्हालाही नाही. पुढे चौकात एक ऑटो वळला.

दुकानदार शांतपणे गेला, तुकडे गोळा करून आणले, डब्यात नीट भरले आणि डबा माझ्यासमोर ठेवला.

"दुसरा पीस नाई सर. हाच घेऊन जा, स्पेअर पार्ट म्हनून कामी येईन."

"पण स्पेअर कशाचे? माझ्याकडे गाडीच नाही."

"घेसान ना कधीतरी," तो म्हणाला.

*

विमानाच्या बॅटऱ्या फार नाजूक असतात. बॅटरी फुगली की ती फेकायची, आणि तीही जपून, कारण पेट घेऊ शकते. हे कुठलाही छंदी माणूस झोपेतही सांगेल.

अकोल्यात एका मोबाइलच्या दुकानात अशा बॅटऱ्या आल्याचं कळलं म्हणून मी कॉलेजमधून अर्धी रजा टाकून बसने गेलो. त्याने काढून दाखवलेली बॅटरी पुरीसारखी टम्म फुगलेली होती. मी हात मागे घेतला.

"ही फुगलीय."

"फुगली म्हनजे फुल चार्ज हाये," तो म्हणाला. "वापरली का बसते खाली."

मी त्याला समजावलं. पेट घेण्याचं सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मागच्या फळीवरून एक प्लास्टिकची बरणी काढली. बरणीत तशाच फुगलेल्या बॅटऱ्या गच्च भरल्या होत्या.

"मंग यातली कमी फुगलेली पाहून घ्या तुमच्या हातानं."

परतीच्या बसमध्ये मी पहिल्यांदा ठरवलं की हा छंद सोडायचा. त्याच आठवड्यात गजाननने विजूभाऊंचा पत्ता दिला. नसता दिला तर आज कदाचित मी सुखी असतो.

*

विजूभाऊंचं रिमोटच्या विमानांचं दुकान अकोल्यात कपड्याच्या दुकानावर, अरुंद जिना चढून. पॉलिटेक्निकमधली शिकवायची नोकरी सोडून त्यांनी ते टाकलं होतं. वहिनी शाळेत शिक्षिका. घर वहिनींच्या पगारावर चालायचं आणि दुकान भाऊंच्या हट्टावर.

पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याकडे विमान नव्हतं, विमानाचं पोतं होतं. भाऊंनी जमिनीवर पेपर पसरले, पोत्यातला एकेक तुकडा काढून जिथल्या तिथे मांडला, आणि पोस्टमॉर्टेम केल्यासारखे बराच वेळ पाहत राहिले.

"कशावर पडलं?"

"बाभळीवर."

"बाभूळ पहिलेपासून होती का तिथी?"

"हो."

"मंग तिची चूक नाई," म्हणाले, आणि गोंद काढला.

ते विमान त्यांनी जोडून दिलं आणि पुढे दोन हंगाम उडालं. पंखावर जोड होता तिथे त्यांनी पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'झाडं पाहून'.

*

चांगलं दुकान म्हणजे काय ते मला भाऊंमुळे कळलं. आणि ते का चालत नाही, तेही.

एकदा मी तिथे असताना एक गृहस्थ आले. मुलाचा वाढदिवस होता, सगळ्यात मोठं विमान हवं होतं. भाऊंनी ते काढून दाखवलं, हातात दिलं, आणि परत घेतलं.

"हे पहिलंच का?"

"हो."

"मंग हे नाई देत. पोराले घेऊन काही रविवार मैदानावर या. माह्या जुन्या विमानावर शिका. मंग देतो."

"मी गिऱ्हाईक हाओ का विद्यार्थी हाओ?"

"विमान पडलं का मानूस दोन्ही नाई राहत," भाऊ म्हणाले.

ते गृहस्थ जिना दणदण उतरून गेले. त्यांनी तेच विमान ऑनलाइन मागवलं, गच्चीवरून उडवलं आणि शेजाऱ्याच्या सोलर हीटरमध्ये घातलं. मग तुटकं विमान घेऊन भाऊंकडेच आले आणि जिन्यातूनच ओरडत आले, "तुमाले समजत होतं तर मले चांगलं दमदाटी करून थांबवाचं होतं ना!"

भाऊंनी त्यांना चहा पाजला. मैदानावर ते काही आले नाहीत.

*

नंतरनंतर दुकानात येणारे लोक घ्यायला येईनासे झाले, बघायला यायला लागले. वस्तू हातात घ्यायची, भाऊंना तासभर प्रश्न विचारायचे, डब्याचा फोटो काढायचा आणि घरी जाऊन मोबाइलवर मागवायची. एकाने तर भाऊंना सांगितलं, "भाऊ, डबा जरासा उजेडात धरा, मॉडेल नंबर येऊन नाई राहिला." भाऊंनी धरला.

तोच माणूस पुढच्या आठवड्यात ते पार्सल घेऊन आला. जोडता येत नव्हतं. भाऊंनी जोडून दिलं.

काही दिवसांनी प्रकाशने त्या वस्तूखालचे अभिप्राय वाचताना एक आम्हाला मोठ्याने वाचून दाखवला. 'माल एक नंबर. अकोल्यातल्या एका काकांनी फिटिंग फुकट करून दिली. पाच स्टार.'

प्रकाश म्हणाला, "भाऊ, ग्राहक मंचात जाऊ. मी केस लढतो."

भाऊ हातातल्या चिंधीने काउंटर पुसत राहिले. पुसून झाल्यावर म्हणाले, "काका म्हनलं त्यानं. दुकानदार बी नाई म्हनलं."

*

मध्ये दोन पोरं आली होती. सेमाडोहला मुक्कामाला चालली होती आणि जंगलावरून उडवायला कॅमेऱ्याचं ड्रोन हवं होतं. वाघ वरून पाहायचा होता.

"परवानगी हाये का?" भाऊंनी विचारलं.

"कोनाची?"

"वाघाची राहू द्या. जंगल खात्याची."

पोरं हसली आणि निघून गेली. त्या दिवशी दुकानात आलेलं ते एकमेव गिऱ्हाईक होतं.

*

एक माणूस मात्र खरोखर गरज घेऊन आला होता. गजाननचे वडील, नानाजी. हिवरखेडच्या त्यांच्या हरभऱ्यात रोह्यांचा कळप शिरायचा. रोही म्हणजे नीलगाय. कुंपण, फटाके, बुजगावणी, सगळं करून नानाजी थकले होते. रोज सकाळी मोडलेल्या ओळींतून फिरायचे, असं गजानन सांगायचा.

"हे ढोरं हाकलते का?" त्यांनी विमानाकडे बोट करून विचारलं.

आयुष्यात पहिल्यांदा कोणी विमानाला कामाचं काही विचारलं होतं. भाऊ रविवारी स्वतः हिवरखेडला गेले. आम्हीही गेलो. ऊन कलल्यावर कळप आला आणि भाऊंनी विमान त्यांच्या पाठीवरून खाली आणलं. रोही जे उधळले ते नाल्यापार दिसेनासे झाले. नानाजींनी टाळ्या वाजवल्या. वांग्याचं भरीत आणि रोडगे झाले. भाऊ दोन घास जास्त जेवले. परतताना गाडीत म्हणाले, "शेतकऱ्याइसाठी अशे दहा-पंधरा विमानं बनवू. दुकान चालते मंग." आम्ही तिघंही त्या रात्री गंभीरपणे हिशेब करत होतो.

गजाननने गावी मुक्काम टाकून ते विमान रोज संध्याकाळी उडवलं. महिना गेला असेल. नानाजी पोतं घेऊन दुकानाचा जिना चढून आले. पोत्यात विमान होतं, रोह्याने तुडवलेलं.

"मोडलं त्याचं काई नाई," नानाजी स्टुलावर टेकत म्हणाले. "पन आता रोही विमान पाहूनच येते. विमान उडालं म्हनजे हरभरा खाले बलावलं, असं समजून राहिले."

भाऊंनी पेपर पसरला नाही. पोतं तसंच भिंतीशी ठेवलं.

*

यंदा भाऊंनी दुकान बंद केलं. जागा कोचिंग क्लासवाल्याने घेतली. उरलेला माल आम्ही तिघांनी आपापसात वाटून घेतला. राहिलं एक ग्लायडर.

ते छताला टांगलेलं असायचं. बाल्साच्या हलक्या लाकडाचं, माणसाच्या दोन्ही पसरलेल्या हातांपेक्षा लांब पंखांचं. नोकरी सोडली त्या वर्षी भाऊंनी ते स्वतः बनवलं होतं. विकायचं नव्हतं, पण उडवलंही नव्हतं. कोणी विचारलं की म्हणायचे, "दुकान जरा बसू दे. मंग निवांत उडवू."

घरात ते मावत नव्हतं. अमरावतीच्या एका कॅफेवाल्याने त्याचा फोटो पाहिला आणि वहिनींना फोन केला. त्याला ते टेबलांच्या वर टांगायचं होतं. खाली बसून लोक सेल्फी काढतील, म्हणाला. वर रंगही देतो म्हणाला. वहिनींनी भाऊंना विचारलं. भाऊ काही बोलले नाहीत, म्हणून वहिनींनी हो म्हटलं. दुपारी त्याचा टेम्पो येणार होता.

सकाळीच भाऊंचा फोन आला. "या तिघं. टेम्पो याच्या आधी एक चक्कर मारू देऊ त्याले."

बाळापूर रोडला सोयाबीन निघालेलं मोकळं शेत होतं. चिटपाखरू नव्हतं. प्रकाशने पंख धरले, मी शेपटी. गजाननने चार पावलं पळून ते वाऱ्यावर सोडलं.

इतक्या वर्षांत इतकं सुंदर काही उडताना मी पाहिलेलं नाही. नाकावरच्या छोट्या मोटरने ते वर चढलं, मग भाऊंनी मोटर बंद केली आणि आवाजच गेला. ऊन पंखांतून आरपार येत होतं, आतल्या फासळ्या दिसत होत्या. त्याने आमच्या डोक्यावरून एक मोठं वळण घेतलं. भाऊ मान वर करून पाहत होते. वहिनी रस्त्याकडेला गाडीपाशी उभ्या होत्या, त्याही पाहत होत्या.

मग ते सरळ झालं आणि पातूरच्या डोंगरांकडे निघालं.

"भाऊ, लांब जाऊन राहिलं," प्रकाश म्हणाला.

 ग्लायडर घारीएवढं झालं, मग चिमणीएवढं.

"भाऊ, वळवा आता."

"वळून नाई राहिलं," भाऊ म्हणाले.

गजानन मोटरसायकलकडे पळाला. मी भाऊंकडे वळलो. रिमोट पट्ट्याने गळ्यात लटकत होता. दोन्ही हात त्यांनी पाठीमागे बांधले होते.