न खेळलेल्या सामन्यातला गोल

कॉलेजसाठी नागपूरला निघालो त्या सकाळी बा मला दमणीतून नांदुरा स्टेशनवर सोडायला आले. वडनेरपासून तिथवर ते माझ्यापेक्षा बैलांशीच जास्त बोलले. घरून निघताना माय एवढंच म्हणाली होती, "सीतादईले ये. तुह्याबिगर येचनी लावत नाई."

गावच्या माणसांना सांगायला नको, पण मुंबईत वाढलेल्या आपल्या मुलांसाठी लिहितो. कापूस फुटला की वेचणीआधी शेतात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ती सीतादई. आमच्या घरी तो थोरल्या मुलाच्या हातून व्हायचा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता. मोठं कॉलेज म्हणजे नागपूर. तिथे फुटबॉलच्या संघात माझं नाव लागलं, पण बारावा म्हणून. सामना सुरू झाल्यावर खेळाडू बदलत नसत. आधीच कोणी आजारी पडलं तर माझा नंबर. सगळे पायाला पट्ट्या बांधून अनवाणी खेळत, आणि मी मध्यंतरात लिंबाच्या फोडी वाटायचो. घरी मात्र लिहिलं, संघात आहे.

आमचा संघ जिंकत गेला. कापूस फुटल्याचं बांचं कार्ड आलं, तेव्हा उपांत्य सामना चार दिवसांवर होता. मी उत्तर पाठवलं, रविवारी येतो, थांबा. तो सामना जिंकलो. मी ट्रंक भरत होतो तोच कप्तान दारात आला.

"कुठं चालला बे वऱ्हाडी? लेफ्ट बॅकला ताप आहे. फायनलला तूच."

मी दुसरं कार्ड टाकलं. आणखी थांबा.

फायनलच्या आदल्या दिवशी अवकाळी पाऊस लागला. खिडकीत उभा राहून मला काळजी वाटली ती मैदानाची. कापूस आठवलाही नाही. हे कबूल करायला मला वीस वर्षं लागली. सामना दोन दिवस पुढे गेला, तेवढ्यात लेफ्ट बॅकचा ताप उतरला. आम्ही एका गोलने जिंकलो. मी लिंबं वाटली.

गावी पोचलो तर फुटलेला कापूस भिजून काळा पडला होता, निम्मा मातीत लोळत होता. उरलासुरला बाया चिखलात वाकून वेचत होत्या. बाकीच्यांची वेचणी पावसाआधीच उरकली होती, आमचंच एक शेत माझ्यासाठी थांबलं होतं. बांनी मला पाहिलं, वेचलेल्या कापसाची ओटी सोडून खाली ठेवली.

"जितले काय?"

"हाव."

"गोल कोनं मारला?"

त्या काळ्या कापसात उभं राहून माझ्या तोंडून निघालं, "म्याच."

तो गोल बांनी मरेपर्यंत पारावर सांगितला. कापूस काऊन गेला असं कोणी विचारलं की म्हणायचे, "पोरगं तिकडं जितून राह्यलं होतं, मंग येचनी कशी लावू?" दरवर्षी चेंडू थोडा लांबून यायचा. मी सुटीत घरी असलो की पाराकडे जात नसे.

पुढे राज्य बदललं, वऱ्हाड मुंबईला जोडला गेला आणि मी नोकरीला होतो ती कचेरीही मुंबईला गेली. घरात 'मला' चालू लागलं, 'मले' फक्त माय आली की. बा गेल्यावर ती माझ्याकडे राहिली. एका दुपारी गॅलरीत बसलो असताना मी तिला सगळं सांगून टाकलं. ती तांदूळ निवडत होती.

"मले तवाच समजलं होतं. तू आला त्या दिवशी तुह्या पायाले तेल लावलं ना म्या. एक नख तुटलं नोतं."

"मंग बाले काऊन नाई सांगितलं?"

"कापूस तं गेलाच होता. म्हटलं, त्यायले गोल तरी राहू दे."

आता तीही नाही. इथे मला साहेब म्हणणारे पुष्कळ आहेत. पण माझं खोटं पहिल्याच दिवशी ओळखून पायाला तेल लावत राहिलेलं माणूस जिथे होतं, तेच माझं घर, मग त्याचं दार आता कोणीही उघडो. धाकट्या, शेत तू सांभाळतोस, म्हणून हे तुझ्याकडे पाठवतो. पारावर वाचून दाखव. बांना कोणी हसलं, तर सांग, खोटं माझं होतं. त्यांनी फक्त विश्वास ठेवला.