घाऊक नानांचा अकरावा अर्ज

घाऊक नानांनी आयुष्यात एकटी वस्तू कधी विकत घेतली नाही. छत्री घ्यायची तर आधी आळीतल्या बारा जणांना छत्र्या घ्यायला लावायच्या, मग तेरावी आपली. मी त्यांच्या खोलीत भाडेकरू म्हणून आले, त्या दिवशी सामान टेम्पोतून उतरायच्या आत त्यांनी मला विचारलं, "म्याडम, गिझर घेणार का? पाच जण झालेत, सहावं गिऱ्हाईक लागतंय." परभणीहून निघून रात्रभराच्या प्रवासानं माझं डोकं भणभणत होतं. मी हो म्हणून टाकलं. नाही म्हणायची सोयच नव्हती. नाना दारात असे काही ठाण मांडून उभे होते की टेम्पोवाल्यानंही एखादा गिझर घेतला असता.

त्यांचं खरं नाव सातबाऱ्यावर असेल. सूस ओलांडून लवळ्याकडे निघालं की डाव्या हाताला त्यांचं घर, मागे आम्हा नोकरदारांना भाड्यानं दिलेल्या आठ खोल्या, आणि पुढच्या ओट्यावर पांढरा लेंगा घालून बसलेले नाना. एकदा त्यांनी अठरा जणांसाठी एकाच नमुन्याच्या चपला आणल्या. पहिल्याच शनिवारी मारुतीच्या देवळाबाहेर अठरा माणसं आपली चप्पल कुठली म्हणून खाली माना घालून उभी! नाना आठवडाभर दोन्ही डाव्या पायाच्या चपला घालून हिंडले. मी म्हटलं, "अहो नाना, दोन उजव्या कुणाकडे गेल्यात ते शोधा की." तर म्हणतात, "शोधायचं काय त्यात? तो बी लंगडतच येत आसंल."

या घाऊकपणाला त्यांचा एक कायदा होता. सामायिक वस्तू एकाच्या ताब्यात द्यायची नाही. दोघांत वाटून द्यायची, आणि ते दोघे एकमेकांशी न बोलणारेच हवेत. भातमळणीचं यंत्र घेतलं, तर ते ठेवलं सोपानच्या गोठ्यात आणि त्याचा पट्टा दत्तूच्या माळ्यावर. सोपान आणि दत्तू हे नानांचे पुतणे, दोन वेगळ्या भावांची मुलं. दोघांच्या रानात एकच बांध, आणि त्या बांधापायी बोलणं बंद. पण सुगीला सोपानला दत्तूच्या दारात जाऊन "पट्टा दे" म्हणावंच लागे. "दोनच शब्द," नाना म्हणायचे, "पण तेवढे तरी बोलत्यात का न्हाई? न्हाईतर त्येबी गेले आसते."

पुढे आमच्याकडच्या जमिनींना सोन्याचे दिवस आले. कुणी रान विकलं, कुणी बिल्डरला भागीत दिलं. आधी दारात पांढरी मोठी गाडी आली, मग गळ्यात जाड साखळी आली, आणि मग कंबर मोकळी मोकळी वाटायला लागली. त्यात भूगावच्या एका लग्नात कुणा पाहुण्यानं बत्तीस बोअरचं रिव्हॉल्व्हर लावून मिरवलं आणि आमच्या गावाची झोपच उडाली. "बत्तीस बोअर म्हंजे चिमण्या हाकायला," दत्तू म्हणाला. "घ्यायचं तर सरकार देतंय त्यातलं सगळ्यात दांडगं घ्यायचं." हे ऐकल्यावर सोपान कसला मागे राहतोय?

बाकीच्यांची हौस होती, या दोघांचं तसं नव्हतं. बिल्डरचा रस्ता नेमका त्यांच्या बांधावरून जाणार होता, त्यामुळे त्या हातभर मातीपायी दोघांचीही डोकी फिरली होती. दत्तूनं बांधाचा दगड उपटून फेकला. सोपाननं तोच दगड उचलून दत्तूच्या गाडीच्या काचेवर ठेवला, जरा जोरातच. दुसऱ्या दिवशी दोघेही लायसनची चौकशी करायला निघाले.

त्या संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. "म्याडम, गटानं घ्यायचं ठरलंय."

"आता काय, मिक्सर?"

"रिव्हॉल्व्हर."

मी कपाळावर हात मारला. "नाना, अहो हा काय गिझर आहे का?"

"म्हणून तर घाऊक घ्यायचं. एकेकट्यानं घेतलं तर वाट लागंल." मला वाटलं, ते दुकानातल्या भावाचं बोलताहेत.

माझे वडील परभणीला कोर्टाच्या आवाराबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. 'विनंती विशेष' आणि 'कृपा व्हावी' हे मी पाळण्यातच ऐकलंय. नानांना हा शोध लागलेला असल्यामुळे मी, बाणेरच्या ऑफिसात दिवसभर कॉम्प्युटरवर मान मोडणारी बाई, मुळशी तालुक्यातल्या एका रिव्हॉल्व्हर गटाची आपोआप कारकून झाले. घरी आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "लग्नाचं काय ते बघ आधी."

पुण्यातल्या दुकानात वस्तू पाहायला आम्ही दोन गाड्यांतून गेलो. सोपानच्या गाडीत दत्तू बसेना आणि दत्तूच्या गाडीत सोपान, म्हणून दोन गाड्या. दहा गडी, नाना आणि कागदांची पिशवी घेऊन मी. दुकानदारानं हिरव्या कापडावर ते धूड ठेवलं. नानांनी ते कलिंगडासारखं उचलून पाहिलं, बोटानं टकटक केलं, आणि दत्तूच्या हातात दिलं. दत्तूनं रुबाबात ते कमरेला खोचलं. त्याची नवीकोरी लिननची पँट एका बाजूनं जी खाली निघाली, ती त्यानं दोन्ही हातांनी धरली. सोपान किती महिन्यांनी हसला असेल देव जाणे. नाना म्हणाले, "ह्ये कमरंला न्हाई ऱ्हायचं, बाबा. ह्येला बैलगाडी लागंल."

दुकानदार हिशेबी माणूस. तो म्हणाला, दहा लायसनं एकदम आणलीत तर मी कंपनीकडून भाव पाडून आणतो. मंडळी काचेच्या कपाटाशी रेंगाळत होती, तेवढ्यात नाना त्याच्याकडे वाकून हळूच म्हणाले, "दहा नगं. अकरा धरा. अकरा शुभ आसतंय."

"अकरावं कुणाचं?"

"माजं," नाना म्हणाले. मी शेजारीच उभी होते. सत्तरी उलटलेला माणूस, अंगणातला साप मारायचा तर शेजारच्यांना हाक मारणारा, आणि याला रिव्हॉल्व्हर? मला हसूच आलं. बाहेर आल्यावर नानांनी सगळ्यांना जाहीर केलं, अकरा लायसनं झाली की ऑर्डर, तोवर कुणी एकट्यानं घ्यायचं नाही. मारुतीची शपथही घालून ठेवली.

मी अकरा अर्ज टाइप केले. दहा गेले. पोलिसांची चौकशी झाली, हेलपाटे झाले, आणि वर्ष उलटता उलटता दहाही जणांची लायसनं हातात आली. नानांचा अर्ज माझ्या टेबलावर तसाच. "नाना, तुमचा फोटो राहिलाय." "ऱ्हाऊ द्या, चष्मा बदलायचाय, नव्या चष्म्याचा काढू." चष्मा बदलला. "आता डोळ्याचं आपरेशन हाय." ऑपरेशन झालं. "आता दाढ काढायचीय, गाल बसल्यावर फोटु कसा येईल?" शेवटी मी चिडले. म्हटलं, "नाना, दहा माणसं तुमच्यासाठी खोळंबलीत, आणि तुम्ही गालाचं काय घेऊन बसलात?"

नानांनी दार ओढून घेतलं. "पोरी," ते म्हणाले. एरवी कायम म्याडम, त्या दिवशी पोरी. "अकरावा अर्ज गेला की वस्तू येणार. वस्तू आली की माज्या दोन पोरांतलं एक सरणावं जाणार आन दुसरं जेलात. माज्या दोन्ही भावांनी मरताना मला पोरं सोपवली. मी काय तोंड दावू त्यांना? अकरावा अर्ज जाताच कामा नये."

इतके दिवस मी जिला म्हाताऱ्याची चालढकल समजत होते, तिच्यामागे हे होतं! मी अर्ज उचलून त्यांच्या हातात दिला आणि कुणाला बोलणार नाही असं कबूल केलं.

लायसनांचंही नानांनी आपल्या कायद्यानंच केलं. सगळी लायसनं एका लोखंडी कपाटात. कपाट सोपानच्या घरी, किल्ली दत्तूकडे. लायसनवर हत्यार घ्यायची मुदत असते. ती संपत आली की मुदतवाढीच्या अर्जाला लायसनं लागत, आणि ती काढायला दत्तूला किल्ली घेऊन सोपानच्या उंबऱ्याच्या आत जावं लागे. पहिल्या खेपेला तो चहा न पिता परतला. दुसऱ्या खेपेला सोपानच्या बायकोनं कप हातातच दिला, मग काय करतो? बाकीच्या आठ जणांना एव्हाना रिव्हॉल्व्हरपेक्षा महिन्याच्या बैठकीतल्या मटणाची जास्त ओढ लागली होती. मटणाचा रस्सा तिखट झाला की नाना म्हणत, "ह्योच आपला मोठा बोअर."

आणि मग बांधाची सरकारी मोजणी आली. त्या दिवशी मी मुद्दाम रजा काढली होती, इतका माझा जीव टांगणीला लागला होता. मोजणीवाल्यांनी खुणेचा दगड रोवला आणि दोघे भिडले. आयाबहिणींचा उद्धार झाला, सोपाननं दत्तूची गचांडी धरली. मधे पडायची कुणाची छाती होईना. नाना ओरडत होते, पण ऐकतो कोण? सोपानचे डोळे लाल झाले होते. "आज माज्याकडं रिव्हॉल्व्हर आसतं ना दत्त्या, तर हितंच आडवा केला आसता तुला!"

आणि दत्तू तितक्याच मोठ्यानं ओरडला, "कुठनं आसंल? कपाटाची चावी माज्याकडं हाय!"

मग मोजणीवालाच आधी हसला. त्याच्यामागे सगळे हसले. सोपानच्या हातातली कॉलर सुटली, तो मटकन बांधावर बसला आणि हसता हसता त्याला रडू फुटलं. दत्तू त्याच्यापासून हातभर लांब, पण त्याच बांधावर बसला. नानांनी माझ्याकडे पाहिलं. जर ती वस्तू खरंच आलेली असती, या विचारानं मला आजही घाम फुटतो.

बांध पुढे सामायिक ठेवून मिटला. मीही पुढे सूसला फ्लॅट घेतला. तोही नानांनी सात जणांचा गट करून घ्यायला लावला. त्यामुळे माझ्या अख्ख्या मजल्यावर त्यांचे जुने भाडेकरू राहतात. या हिवाळ्यात नाना छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात पडले. भेटायला गेले तर नळ्यांच्या पसाऱ्यातून म्हणाले, "म्याडम, हितं आमी सा जण हाय. समद्यांनी एकदम डिस्चार्ज मागितला तर कायतरी कमी करतील." मी हसले. मग त्यांनी माझं मनगट धरलं. "त्यो अर्ज तेवढा..." मी म्हटलं, "नाही जाणार, नाना." चार दिवसांनी ते गेले. आयुष्यात एवढी एकच गोष्ट त्यांनी एकट्यानं केली.

तेरावा झाल्यावर सोपान आणि दत्तूनं मला ओट्यावर थांबवून घेतलं. नाना नाहीत, म्हणजे गट दहांचा राहिला. आणि दहाला तर दुकानदार केव्हाच तयार होता. मी काय सांगून यांना अडवणार होते? एका बाईच्या बोलण्याला ते किती किंमत देणार?

"म्याडम," सोपान म्हणाला, "नानांनी अर्ज दिलाच नव्हता. ठाऊक हाय आमाला."

मी विचारलं, "कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगतंय? त्यो कपाटातच हाय." नानांनी तो अर्ज फाडला नव्हता की जाळला नव्हता. एकटी वस्तू वेगळी ठेवायची त्यांना सवयच नव्हती; दहा लायसनांच्या गठ्ठ्यात अकरावा म्हणून तोही नेऊन ठेवला होता. "पयल्या मुदतवाढीलाच घावला," सोपान सांगू लागला. "फोटु न्हाई, सही न्हाई. म्या ह्याच्याकडं बगितलं, ह्यानं माज्याकडं. कायच बोललो न्हाई. ह्यानं कपाट लावलं आन चावी खिशात टाकली."

"म्हणजे मोजणीच्याही आधीपासून? मग तेव्हाच का नाही बोललात?"

दत्तूच म्हणाला, "मला नकोच हुतं वो त्ये. पर ह्यानं घेतलं आसतं तर मला घ्यावंच लागलं आसतं."

"आन ह्यानं घेतलं आसतं तर मला," सोपान म्हणाला.

मला रडू आवरेना. एवढा तो म्हातारा शेवटच्या श्वासापर्यंत धास्तावलेला, आणि हे दोघे त्याचंच गुपित त्याच्यापासून लपवून जपत बसलेले! एकदा सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? पण भाऊबंदकीत असं कोण कुणाला सांगतं?

"आता अडचण ही हाय," दत्तूनं घसा खाकरला. "बाकीचे आठ जण इचारत्यात, आता दहांत ऑर्डर द्यायची का? आमी सांगितलं, अकराबिगर न्हाई. नानांचा शब्द हाय. तर म्याडम, तुमी व्हा अकराव्या."

मी डोळे पुसले. "मी? रिव्हॉल्व्हर? आणि माझा अर्ज कोण लिहिणार?"

"तुमीच लिवा की," सोपान म्हणाला. "येत्या म्हैन्यात लिवा, न्हाईतर फुडल्या वर्साला लिवा. फोटु काढायची बी घाई करू नका."

दत्तूनं खिशातली किल्ली चाचपून पाहिली, सोपाननं आत वळून चहा टाकायला सांगितलं, आणि मी पिशवीतला कोरा कागद काढून त्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'विनंती विशेष'. त्यापुढे आजवर एक ओळही लिहिलेली नाही.