तातोबाचा डावा कौल

साक्षीदाराने देवाला विचारले आणि देवाने नको म्हटले, असा निरोप घेऊन गोदाक्का रत्नागिरीला आली तेव्हा मी कपाळाला हात लावला. मी तिचा वकील, आणि प्रोबेटची तारीख तोंडावर आली होती.

प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरे आहे अशी कोर्टाची मोहोर. गोदाक्काचा भाऊ विश्राम बोटीवर सुकाणी होता. स्वतःच्या कमाईतून त्याने गुहागरकडच्या गावात घर बांधले, आंब्याची कलमे लावली, मुंबईत एक गाळा घेतला. बायको-मूल नव्हते. सगळे त्याने या विधवा बहिणीच्या नावे केले. शेवटच्या आजारात तिनेच त्याचे केले होते. पुतण्या यशवंताने हरकत घेतली: काका शुद्धीवर नव्हते, कागद बनावट आहे. निकाल लागला की बोचके बांधा, असे त्याने तिला ऐकवूनही ठेवले होते. साठीच्या बाईला दुसरे घर नव्हते.

मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात. सही होताना त्यांनी पाहिलेली असावी लागते. एक वारला होता. उरला भावकीतला वडीलधारा तातोबा, आणि तो कौल लावून बसला होता. आमच्याकडे ग्रामदेवतेला विचारल्याशिवाय मोठे काम होत नाही. गुरव देवाला ओल्या पाकळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणे घालतो. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नको. तातोबाला डावी पडली होती.

समन्स काढून त्याला कोर्टात आणणे सोपे होते. पण पिंजऱ्यात उभा राहून 'मला आठवत नाही' म्हणाला असता, तर केस तिथेच बुडाली असती. मी खाडी ओलांडून त्याचे गाव गाठले. गोदाक्का बरोबर होतीच.

तातोबा ओटीवर सुपाऱ्या सोलत होता. त्याने गूळपाणी दिले आणि विषय काढताच मान हलवली. मी कायदा सांगितला, दंडाची भीती घातली. माणूस ढिम्म. शेवटी वैतागून विचारले, "देवाला विचारलंत तरी काय?"

"भावकीशी वैर धरून गोदाच्या बाजून कोडतात जाव काय, असा इचारला. देवान नको सांगितलान."

माझा राग ओसरला. "कुणाची बाजू घ्या असं मी म्हणतच नाही. विश्रामने सही केली ती तुम्ही पाहिलीत. ते सांगायचं की नाही, एवढंच विचारा."

त्याने हातातली सुपारी खाली ठेवली. मग हात धुऊन गुरवाला बोलवायला गेला.

देवळात पाकळ्या लागल्या, गाऱ्हाणे झाले. एकही पडेना. देवावर माझा फारसा विश्वास नाही, पण त्या दिवशी मी डाव्या पाकळीवरून नजर हलवली नाही. गोदाक्का पदराचे टोक मुठीत धरून उभी होती. ती हरली तर कुठे जाईल, हा विचार मला तिथे असह्य झाला. उजवी पाकळी पडली तेव्हा मी श्वास सोडला तो गुरवालाही ऐकू गेला.

कोर्टात तातोबाने सरळ सांगितले. विश्राम उठून बसला, कागद वाचला, सही केली, मग दोघा साक्षीदारांनी केली. समोरच्या वकिलांच्या कानावर कौलाची गोष्ट गेली होती.

"साक्ष द्यायची की नाही, हे देवाला विचारलंत?"

"होय."

"देव काय म्हणाला?"

"पैल्यांदा नको बोल्ला."

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. मी खुर्चीची कड घट्ट धरली. हे त्याने गिळले असते तर मला हवेच होते, खोटे कशाला बोलू?

"मग वकिलांनी पढवलं आणि पुन्हा विचारलंत, असंच ना?"

"होय. वकीलसायबांनीच सांगितला. पैल्यांदा मी गोदाच्या बाजून जाव काय, असा इचारलेला. यशवंताच्या बाजून जाव काय इचारला असता, तरी देव नकोच बोल्ला असता. बगितला ता सांगू काय इचारला, तवा हो बोल्ला."

जज्जसाहेबांनी लिहिणे थांबवले, चष्मा काढला आणि ते तातोबाकडे नुसते पाहत राहिले.

निकालात त्यांनी लिहिले की, ज्याने बोलावले त्याचेच नुकसान होईल असेही जो लपवत नाही, त्याच्यावर अविश्वास ठेवायला कारण दिसत नाही. प्रोबेट मंजूर झाले. गोदाक्का मरेपर्यंत त्या घरात राहिली.

साक्षीदाराला पढवू नये, हे लॉ कॉलेजात शिकवतात. त्याने देवाला काय विचारलेय ते आधी बघून घ्यावे, हे मात्र कुणी शिकवत नाही.